मसूर, 1901, कटक, 1945

कुपवाडहून मिरज स्टेशनाला तुम्ही चालतच निघता. रिक्षा नाही, एमआयडीसी नाही, शिफ्ट सुटल्याची गर्दी नाही. सांगली, मिरज, कुपवाड या तिन्ही गावांना एका नावात बांधणारी महापालिका यायला 1998 उजाडावं लागेल. आज साल 1901 आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे आणि पटवर्धनांच्या संस्थानी मुलखातली धूळ तुमच्या पायांवर बसते आहे. मिरजेला सदर्न मराठा रेल्वेची छोट्या रुळांची गाडी पुण्याच्या दिशेनं उभी आहे. चढा. वाटेत किर्लोस्करवाडी शोधू नका, ती वसायला अजून नऊ वर्षं आहेत. शेतं करपलेली दिसतील. लागोपाठच्या दुष्काळांनी आणि प्लेगनं हा मुलूख पिळून काढला आहे. कऱ्हाड गेलं की मसूरला उतरा.

या प्रवासाची एकच अट आहे. तुम्हाला बघता येईल, ऐकता येईल. पण कुणाशी बोलता येणार नाही आणि कुणाला काही देता येणार नाही. तुमच्या पिशवीत घरच्या नळाचं भरून घेतलेलं पाणी आहे. ते पिशवीतच राहील.

पाचच्या सुमारास साताऱ्याकडची गाडी येते. मोजकी माणसं उतरतात, आपापल्या वाटेला लागतात आणि फलाटावर फक्त काही मुलं उरतात. विलायती कापडाचे सदरे, चमचमत्या टोप्या, नव्या वहाणा, रेशीमकाठी धोतरं. वडिलांनी बोलावलंय म्हणून अंगावरचं सगळं नवं आहे. रेल्वे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली. सुटताना स्टेशनावर प्रत्येकानं लिंबू सोड्याची बाटलीही प्यायली. त्यातला साधारण नऊ वर्षांचा मुलगा भिवा रामजी आंबेडकर. त्याचे वडील सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झालेत आणि खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदाराची नोकरी करताहेत. त्यांनी स्टेशनावर माणूस पाठवायचा होता. तो आलेला नाही. मुलांचं पत्र नोकरानं मालकाच्या हाती दिलंच नाही, हे उद्या कळेल.

स्टेशनमास्तर येतो, विचारपूस करतो. कपडे बघून त्याला ही मुलं ब्राह्मणांची वाटली होती. भिवा सरळ सांगून टाकतो की आम्ही महार. मास्तराचा चेहरा तुमच्या डोळ्यांदेखत बदलतो. तो खोलीत निघून जातो. बाहेर बैलगाड्या उभ्या आहेत, पण बातमी तिथं पोहोचलेली आहे. दुप्पट भाडं देऊ करूनही गाडीवान मिळेना. शेवटी एक जण तयार होतो, तोही या बोलीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि त्यानं बाजूनं चालायचं.

दिवस मावळताना गाडी निघते. तुम्ही मागं मागं चाला. पुढं कोरडी पडलेली नदी लागते, मधे मधे डबकी. गाडीवान म्हणतो, इथंच जेवून घ्या, पुढं पाणी मिळायचं नाही. आत्यानं बांधून दिलेली शिदोरी सुटते. पाणी आणायला मुलं डबक्याशी जातात. गुरांच्या मलमूत्रानं ते पाणी असं घाण झालंय की वासानंच पोटात ढवळतं. दोन घास खाऊन शिदोरी पुन्हा बांधली जाते. मध्यरात्री टोलनाका येतो. गाडीवान शिकवतो की मुसलमान आहोत म्हणून सांगा. भिवा नाकेदाराशी उर्दूत बोलतो आणि पाणी मागतो. नाकेदार म्हणतो, तुमच्यासाठी इथं कुणी पाणी भरून ठेवलंय? डोंगरावर आहे, तिकडे जा.

रात्रभर मुलं आळीपाळीनं जागतात. अन्न आहे, पण पाण्यावाचून ते घशाखाली उतरत नाही. या रात्रीचा तपशील स्वतः बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवला. त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सुभेदार रामजी गोरेगावला कसली नोकरी करत होते? दुष्काळात माणसं हजारोंनी मरत होती आणि त्यांच्या हाताला काम मिळावं म्हणून मुंबई सरकार तिथं तलाव बांधत होतं. त्या तलावाच्या कामावरचे ते खजिनदार. म्हणजे ही मुलं निघाली होती ती पाणी साठवण्याच्या कामाकडेच. सकाळी अकराच्या सुमारास गाडी गोरेगावात शिरते. मुलांना दारात बघून वडील चकित होतात.

तिथून साताऱ्याला या, थोडं मागे, 7 नोव्हेंबर 1900 ला. राजवाड्यातल्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात 1914 या क्रमांकावर भिवाचं नाव पडतं. याच तारखेला आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस पाळतात. पण दिवसभर या मुलाच्या शेजारी उभे राहा. बसायला घरून आणलेलं गोणपाट, जे संध्याकाळी परत न्यायचं, कारण शाळेचा शिपाई त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर इतर मुलांनी मास्तरांना विचारून नळाकडे जायचं. भिवानं मात्र शिपाई शोधायचा. तोटी शिपायानं सोडली तरच पाणी. शिपाई सुट्टीवर असला की तो दिवस तहानेचा. आई भीमाबाई याच गावात गेली. आत्या जीव लावते, पण तिलाच धड चालता येत नाही. मुलं स्वतः चूल पेटवतात.

आता वर्षं झपाझप मागे टाका. 1907 ला मॅट्रिक, 1912 ला एल्फिन्स्टनमधून बी.ए. फेब्रुवारी 1913 मध्ये वडील जातात आणि त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन मुलगा न्यूयॉर्कला पोहोचतो. कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याच्या मागच्या खुर्चीवर बसा. तो अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान असं सगळं एकदम घेतो. प्राध्यापक सेलिग्मन त्याला सरकारी पैशाचं शास्त्र शिकवतात, जॉन ड्यूई विचार करायला शिकवतात. मे 1916 मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात तो जातीच्या उगमावर निबंध वाचतो. वय पंचवीस. त्याच्या प्रबंधाचा विषय ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल: ब्रिटिश हिंदुस्थानात केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यात पैशांची वाटणी कशी होत गेली. कोरडा, आकड्यांचा विषय. ज्याला घोटभर पाण्याची वाटणी नाकारली गेली तो राज्याच्या तिजोरीच्या वाटण्या अभ्यासतोय. हा विषय त्यानं मसूरच्या रात्रीमुळे निवडला असं मी म्हणणार नाही. पण हा प्रबंध लक्षात ठेवा. तीस वर्षांनी तो नदीकाठी उपयोगी पडणार आहे.

मुंबईला सिडनहॅम कॉलेजात, 1918 च्या नोव्हेंबरात, तुम्ही वर्गाच्या मागच्या बाकावर आहात. अर्थशास्त्राचे नवे प्राध्यापक फळ्याकडे वळतात. तास रंगतो, दुसऱ्या कॉलेजांची मुलंही येऊन बसू लागतात. तास संपल्यावर त्यांच्यामागे प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत जा. तिथं पाण्याचा माठ आहे. त्यातलं पाणी या प्राध्यापकानं प्यावं याला काही सहकाऱ्यांची हरकत आहे. कोलंबियाचा एम.ए., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा विद्यार्थी, आणि साताऱ्याच्या शाळेतली तोटी इथंही माठाच्या रूपानं उभी आहे.

त्याच वर्षी त्यांनी शेतजमिनीच्या तुकड्यांवर एक निबंध लिहिला. वाळवा, तासगाव, मिरज भागातल्या कुणाही शेतकऱ्यानं तो आज वाचावा. त्या काळी सगळे म्हणत होते की तुकडे एकत्र करा, शेती सुधारेल. आंबेडकर वेगळा प्रश्न विचारतात. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिच्यावर लावलेलं भांडवल आणि राबणारे हात यांच्या प्रमाणावर ठरतं. आपल्याकडे एकेका तुकड्यावर गरजेपेक्षा जास्त माणसं अडकून पडली आहेत आणि त्यांना दुसरं कामच नाही, हे खरं दुखणं. उपाय उद्योगधंद्यांत आहे. वरचे हात तिकडे गेले की शेतीचाही श्वास मोकळा होईल. ज्या घरातला एक भाऊ कुपवाडच्या कारखान्यात जातो आणि दुसरा रान बघतो, त्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही. सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकानं ते 1918 मध्ये कागदावर मांडलं होतं.

लंडनमध्ये फार थांबू नका. अर्धपोटी दिवस, ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंतचं वाचन, 1922 ला बॅरिस्टरी, 1923 ला डी.एस्सी. आणि ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे पुस्तक. रुपयाचा बाहेरचा भाव सांभाळायचा की देशातल्या वस्तूंचे भाव, असा तो वाद होता. त्यांनी देशातल्या भावांची बाजू घेतली, कारण गरिबाची भाकरी तिथं ठरते. डिसेंबर 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी हेच सांगितलं. विद्वत्ता त्यांच्यासाठी पदवीपुरती कधीच नव्हती. प्रत्येक आकड्यामागे कोण उपाशी राहतं, हे ते बघत.

20 मार्च 1927, महाड. हा दिवस मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. तुम्ही फक्त गर्दीत उभे राहा आणि चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरणारी ती पावलं बघा. त्यानंतर कोर्टकचेरी दहा वर्षं चालली. मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि तळं सर्वांना खुलं राहिलं. पाण्याचा हक्क मिळवायला सत्याग्रह लागतो आणि टिकवायला कायदा लागतो, हे त्या दहा वर्षांत ते सोसून शिकले.

आणि आता दिल्ली. 1942 चा जुलै. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होतात. नाव सदस्याचं, काम मंत्र्याचं. 22, पृथ्वीराज रोडच्या बंगल्यात फायलींइतकीच पुस्तकं आहेत. आपल्याकडे त्यांच्या मंत्रिपदाची गोष्ट 1947 पासून, संविधानापासून सुरू करतात. मला ते अन्यायाचं वाटतं. ही 1942 ते 1946 ची चार वर्षं वगळली तर हा अभ्यासक सत्तेच्या खुर्चीत बसून नेमकं काय करत होता हेच दिसत नाही.

1943 च्या डिसेंबरात त्यांच्याबरोबर धनबादजवळच्या कोळसा खाणीत उतरा. मजूरमंत्री स्वतः जमिनीखाली जाऊन बघतोय. युद्धाचे दिवस आहेत, कोळसा हवा आहे, आणि तो खणणाऱ्यांत बायकाही आहेत. कामगारांचे तास हा त्यांच्या खात्याचा विषय. त्यांच्याच काळात तयार झालेल्या 1946 च्या दुरुस्तीनं कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आला. कुपवाडच्या कुठल्याही शेडमध्ये आठ तासांची पाळी भरताना हे नाव आठवायला हरकत नाही.

पण तुम्हाला इथं आणलंय ते नदीसाठी.

मजूर खात्यातच पाटबंधारे आणि वीज यांचा कारभार होता. जुलै 1943 मध्ये बंगालात दामोदर नदीचा बांध फुटला. पाणी गावांत शिरलं, रेल्वे आणि रस्ता तुटला, कलकत्त्याची उत्तरेकडची वाट बंद पडली. त्याच वर्षी बंगालात भयंकर दुष्काळ होता, माणसं रस्त्यात मरत होती. चौकशी समिती नेमली गेली. तिच्यात शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते आणि त्यांचा आग्रह होता की अमेरिकेतल्या टेनेसी नदीवर झालं तसं अख्खं खोरं एक धरून काम करा.

3 जानेवारी 1945, कलकत्ता. बंगाल आणि बिहारचे अधिकारी टेबलाच्या दोन बाजूंना आहेत. तुम्ही भिंतीला टेकून उभे राहा. बंगालला पूर नको आहे, पण धरणाची जागा बिहारात आहे. बिहारला प्रश्न पडलाय की आमची जमीन बुडवून फायदा तुमचा का. आंबेडकर बोलायला लागतात. नुसता पूर अडवायचा हा हेतू पुरेसा नाही, ते म्हणतात. त्याच पाण्यातून शेतीला पाणी, कारखान्यांना वीज, बोटींना वाट, असं सगळं निघालं पाहिजे. आणि नदीला प्रांताची हद्द कळत नाही, तेव्हा दोन्ही प्रांतांनी मिळून तिचा कारभार एका संस्थेकडे द्यावा. इथं कोलंबियाचा तो कोरडा प्रबंध आठवा. केंद्रानं किती घ्यायचं, प्रांतानं किती, भांडण कुठं होतं आणि ते कसं मिटवायचं, हे ज्यानं पैशांच्या बाबतीत वर्षानुवर्षं वाचलं होतं, तोच आता पाण्याची वाटणी मांडतोय. म्हणून त्याला इंजिनिअरांचं ऐकताही येतं आणि प्रांतांच्या प्रतिनिधींना समजावताही येतं.

टेनेसीवर काम केलेले इंजिनिअर वूर्डुइन यांना बोलावलं गेलं. त्यांनी दामोदर आणि तिच्या उपनद्यांवर आठ धरणांचा आराखडा दिला. एप्रिल 1945 मध्ये केंद्राचा जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग स्थापन झाला आणि अध्यक्षपदी डॉ. ए. एन. खोसला आले. नद्यांचा अभ्यास करणारी देशपातळीवरची संस्था उभी राहिली. आजचा केंद्रीय जल आयोग तिच्यातूनच आला. विजेसाठी वेगळं तांत्रिक मंडळ त्याआधीच झालं होतं. 1943 च्या ऑक्टोबरात एका समितीपुढे त्यांनी सांगितलं होतं की स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर उद्योग नाहीत, आणि उद्योग नसतील तर गरिबीतून सुटका नाही. 1918 चा तुकड्यांवरचा निबंध इथं सरकारी धोरण झालेला दिसतो.

8 नोव्हेंबर 1945, कटक. ओरिसातल्या नद्यांवरची बैठक. महानदी दर काही वर्षांनी प्रांत बुडवते. समित्या येऊन गेल्या, अहवाल झाले, आणि अहवालांचा रोख एकच: जादा पाणी लवकरात लवकर समुद्रात कसं घालवायचं. सांगलीच्या माणसानं इथं कान टवकारावेत. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या पेठांत चढलं तेव्हा आपणही हेच म्हणत होतो, पाणी पुढं सोडा. आंबेडकर उभे राहतात आणि उलटा प्रश्न टाकतात. पाणी जास्त आहे हे संकट मानण्यातच चूक झाली आहे, असं ते मांडतात. माणसाला पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या अभावाचा त्रास अधिक होतो. निसर्ग देताना हात आखडतो आणि वेळही पाळत नाही, म्हणून आलेलं पाणी घालवायचं नाही, साठवायचं. नुसते बांध घालून भागणार नाही. जलाशय बांधा, त्यातून सिंचन, वीज आणि बोटींची वाट ही तिन्ही कामं करून घ्या.

बैठकीत बसलेल्या कुणालाही मसूर ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे. खटावच्या वाटेवरचं ते डबकं तुम्ही पाहिलंय, नाकेदाराचं उत्तर ऐकलंय. पाण्याचा अभाव म्हणजे काय हे या मंत्र्याला अहवालातून कळलेलं नाही. पण त्यानं स्वतःची कहाणी इथं काढलेली नाही. तो खोऱ्याचं क्षेत्रफळ, पाऊस, साठा, विजेची शक्यता यांवर बोलतो. दुःखाचा आधार घेऊन सहानुभूती मागता आली असती, तिथं त्यानं अभ्यास पुढे केला. मला हा माणूस सर्वांत मोठा वाटतो तो या क्षणी.

त्यांच्या या विचारानं सगळं सुटलं असं मात्र नाही. दामोदरवरच्या आठ धरणांपैकी तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच आधी बांधली गेली. जलाशयांखाली गावं गेली, त्यांत संथाळांची गावं होती, आणि त्यांच्या पुनर्वसनाची कहाणी आपल्या कोयनाग्रस्तांना अनोळखी वाटणार नाही. पुरांबद्दलही आज अभ्यासक नव्यानं बोलतात. नदीला पसरायला जागा ठेवा म्हणतात. तरीही एकाच जिल्ह्यात सांगलीला होड्या आणि जतला टँकर हे चित्र ज्यांनी पाहिलंय, एप्रिल 2016 मध्ये मिरजेच्या यार्डातून पाण्याची रेल्वे लातूरला जाताना ज्यांनी पाहिली, त्यांना कटकमधला तो प्रश्न अजून जिवंत आहे हे पटेल. म्हैसाळला कृष्णेचं पाणी उपसून वर चढवतात, मिरज पूर्व भाग, कवठेमहांकाळ, जतकडे नेतात. आलेलं पाणी धरून कोरड्या रानापर्यंत पोहोचवायचं, हाच तो विचार आहे.

29 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेच्या सज्जात बसा. आता ते स्वतंत्र भारताचे कायदामंत्री आहेत आणि मसुदा समितीचे अध्यक्ष. आज भेदभावाला मनाई करणारं कलम चर्चेला आहे. दुकानं, उपाहारगृहं यांच्याबरोबर त्यात सार्वजनिक विहिरी आणि तलावही आहेत. चर्चेअंती स्नानघाटही येतात. आज ते कलम 15 म्हणून छापलं जातं. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारं कलमही मंजूर होतं. सभागृहात आनंदाचा गजर होतो. ज्याला यावर सर्वांत जास्त बोलण्याचा अधिकार होता, तो या कलमावर भाषण करत नाही. दुरुस्त्यांना उत्तरं देतो आणि पुढच्या कामाला लागतो. कागदावरचा तो शब्द बघा: तलाव. चवदार तळ्याचा दावा दहा वर्षं लढलेल्या वकिलाला या एका शब्दाचं वजन माहीत होतं.

सप्टेंबर 1949 मध्ये ते आणखी एक कलम मांडतात. दोन राज्यांत वाहणाऱ्या नदीच्या पाण्यावरून तंटा झाला तर तो कसा सोडवायचा, याचा कायदा संसद करील. हे आजचं कलम 262. त्यावरून 1956 मध्ये कायदा झाला, आणि त्या कायद्याखाली 1969 मध्ये कृष्णेसाठी न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद बसला. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र यांना किती पाणी, अलमट्टीची उंची किती, यावर सांगलीत आजही सभा होतात. त्या प्रत्येक सभेच्या मुळाशी हे कलम आहे. दामोदरच्या टेबलावर बंगाल आणि बिहार भांडताना ज्यानं पाहिले, त्यालाच सुचावी अशी ती तरतूद आहे.

शेवटचा टप्पा 1951. हिंदू कोड बिलासाठी त्यांनी जिवाचं रान केलं आहे. मुलींना वारसा, बायकांना घटस्फोट, पोटगी. कलम कलम करून ते लढवतायत. सप्टेंबरात विधेयक अर्ध्यावर सोडलं जातं. 27 तारखेला ते पंतप्रधानांना राजीनामा लिहितात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लोकसभेपूर्वीच्या त्या तात्पुरत्या संसदेत निवेदन करायला ते येतात. निवेदनाची प्रत आधी द्या असं उपसभापती सांगतात. आंबेडकर कागद गोळा करतात आणि बाहेर पडतात. तुम्ही दारापर्यंत त्यांच्या मागे जा. निवेदन मग बाहेर प्रसिद्ध होतं.

ते नीट वाचा. हिंदू कोड, अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, ही कारणं सगळ्यांना माहीत आहेत. त्यात आणखी एक तक्रार आहे जी फारशी कुणी सांगत नाही. आपण अर्थशास्त्राचे, प्रशासनाचा अनुभव असलेले. नियोजनाचं खातं मिळेल अशी अपेक्षा होती, शब्दही मिळाला होता, असं ते म्हणतात. खाती वाटली गेली, मंत्रिमंडळाच्या समित्या नेमल्या गेल्या, आर्थिक बाबींच्या समितीतूनही त्यांना वगळलं गेलं. कायदा खातं त्यांना रिकामं वाटत होतं. या देशातला सार्वजनिक पैशाचा सर्वांत तयार अभ्यासक मंत्रिमंडळात होता आणि पैशाच्या टेबलावरच्या खुर्चीसाठी त्याला झगडावं लागलं. हे वाचून मला आजही राग येतो.

त्याच 1951 च्या जुलैमध्ये पहिल्या पंचवार्षिक योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला होता. 1952 च्या डिसेंबरात योजना पक्की झाली. तिच्यात सिंचन आणि विजेवर मोठा भर होता आणि मोठ्या कामांच्या यादीत दोन नावं ठळक होती: दामोदर आणि महानदीवरचं हिराकूड. 1953 च्या फेब्रुवारीत तिलैयाचं धरण सुरू झालं. हिराकूडचं उद्घाटन पंतप्रधान नेहरूंनी 13 जानेवारी 1957 ला केलं. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते.